डोकं खरंच जड होतं का? विचार तराजूत तोलणारे अँजेलो मोसो

डोकं जड झालंय, असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. बेळगावात म्हणतात, इंदुरात म्हणतात, बडोद्यातही म्हणतात. डोक्याचं वजन खरोखर वाढलंय, असं तेव्हा कुणालाच म्हणायचं नसतं. पण सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी इटलीतल्या तुरीन शहरात एका डॉक्टरांनी ही गोष्ट अगदी शब्दशः तपासायला घेतली. माणसाला लांब फळीवर उताणं झोपवायचं, फळी मधोमध तराजूच्या दांडीसारखी तोलून धरायची आणि मग त्या माणसाला डोकं चालवायला लावायचं. डोक्याकडची बाजू खाली झुकते का, ते बघायचं.

या डॉक्टरांचं नाव अँजेलो मोसो. आज नवजात बाळाच्या कपाळावर एक पट्टी चिकटवून त्याच्या मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती आहे, ते नुसत्या प्रकाशाच्या जोरावर बघता येतं. मोसो यांच्याकडे असं काही नव्हतं. पण माणूस विचार करतो तेव्हा त्याच्या मेंदूतलं रक्त बदलतं, आणि तो बदल जिवंत, बोलत्या माणसात मोजता येतो, हे कागदावर रेघ उमटवून दाखवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

मोसो जन्मले ३० मे १८४६ रोजी, तुरीनमध्ये. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता. तुरीन ही पीडमाँट-सार्डिनियाच्या राज्याची राजधानी. अँजेलो चौदा-पंधरा वर्षांचा झाला तोवर त्या राज्याचा साव्हॉय हा मुलूख फ्रान्सकडे गेला आणि १८६१ साली उरलेल्या मुलखांचं मिळून इटलीचं राज्य झालं. घराबाहेर पीडमाँटी बोली, शाळेत इटालियन, वरच्या वर्गात फ्रेंच, असा तो प्रदेश. नकाशावरच्या रेघा सरकतात आणि माणसं तिथंच राहतात, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. मोसो यांनी पुढे इटालियनमध्ये लिहिलं, जर्मनमध्ये छापलं आणि इटलीतलं जीवशास्त्र जगाला कळावं म्हणून १८८२ साली जे नियतकालिक काढलं, ते चक्क फ्रेंचमध्ये.

वडील सुतार. तुरीनजवळच्या किएरी गावात अँजेलोचं बालपण गेलं. घरात पैशाची ओढ होती. तरी पोरगा शिकला आणि १८७० साली तुरीनमधून डॉक्टर झाला. पुढे त्यांनी जी यंत्रं केली ती बहुतेक लाकूड, दोरी, वजनं आणि कप्प्या यांची. सुताराच्या घरात वाढलेला हात त्यात ओळखू येतो.

पदवीनंतर लष्करात डॉक्टर म्हणून काही काळ गेला. मग फ्लॉरेन्सला मॉरिट्झ शिफ यांच्याकडे, आणि १८७३ च्या सुमारास जर्मनीत लाइपझिगला. तिथं कार्ल लुडविग यांची प्रयोगशाळा म्हणजे शरीरशास्त्राची त्या काळची पंढरी. युरोपभरचे तरुण डॉक्टर तिथं यायचे. लुडविग यांनी एक साधं पण भारी यंत्र केलेलं होतं. काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं नळकांडं घड्याळाच्या चावीवर सावकाश फिरत राहायचं, आणि त्यावर टेकलेली बारीक काडी शरीरातली हालचाल ओरखडत जायची. नाडी, श्वास, रक्ताचा दाब, सगळ्याची रेघ कागदावर. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कागदावर आणायची ही सवय मोसो यांना इथं लागली. पॅरिसला जाऊन त्यांनी मारे यांच्याकडूनही याच कलेचे धडे घेतले.

त्यांचं स्वतःचं पहिलं मोठं यंत्र हाताचं होतं. काचेच्या नळकांड्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तोंड घट्ट बंद करायचं, आत पाणी भरायचं. हातात रक्त जास्त आलं की हात किंचित फुगतो आणि तेवढं पाणी बाहेर सरतं. रक्त कमी झालं की पाणी आत ओढलं जातं. ही वर-खाली काडीने कागदावर लिहून घ्यायची. लाइपझिगमध्ये एकदा एक इटालियन मित्र दोन्ही हात असे यंत्रात घालून बसला होता. तेवढ्यात दारातून खुद्द लुडविग आत आले. मित्र जागचा हलला नाही, बोलला नाही, पण दोन्ही काड्या सरकन खाली आल्या. हातातलं रक्त आखडलं होतं. मास्तर वर्गात आले की पोटात गोळा येतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. मोसो यांना त्या गोळ्याची रेघ मिळाली.

आता पुढचा प्रश्न उघड होता. हातातून निघालेलं रक्त जातं कुठं? मेंदूत?

मेंदू कवटीत बंद. त्या काळी बरेच जाणते असं मानत की कवटी म्हणजे पक्की बंद पेटी, मेंदू दाबला न जाणारा, त्यामुळे आतलं रक्त कमी-जास्त व्हायला जागाच नाही. एडिंबराच्या वैद्यांनी मांडलेला हा विचार शंभर वर्षं जुना होता. पण ज्या घरात तान्हं मूल आहे त्या घरातल्या बायकांना वेगळंच ठाऊक असतं. टाळू भरायला तेल घेऊन बसलेल्या आजीच्या बोटाखाली बाळाची टाळू थडथडते. रडलं की वर येते, निजलं की खाली बसते. हाड जुळून आलं की ही खिडकी बंद होते. मोठ्या माणसाच्या मेंदूची थडथड बघायची तर कवटीला भोक पडलेला माणूस हवा.

असा माणूस त्यांना १८७७ साली मिळाला. बेर्तिनो नावाचा शेतकरी. वरून वीट पडून त्याच्या कपाळाच्या वरचं हाड फुटलं होतं. जीव वाचला, शुद्ध आली, बोलणं-चालणं नीट झालं. पण कपाळाच्या वरच्या बाजूला हाड नसलेली जागा राहिली. तिथं कातडीखाली मेंदू धडधडताना दिसे. मोसो यांनी त्या जागेवर घट्ट बसेल अशी लहानशी टोपी केली, तिला रबरी नळी जोडली, आणि नळीतल्या हवेच्या दाबाने काडी हलेल अशी सोय केली. दुसरं यंत्र हाताला लावलं. हे दुसरं यंत्र लावणं हीच खरी हुशारी होती, त्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

एका दुपारी प्रयोग चालू असताना देवळाची, म्हणजे चर्चची, बाराची घंटा झाली. मेंदूची रेघ एकदम उंच झाली. हाताची रेघ होती तशीच. मोसो यांनी बेर्तिनोला विचारलं, घंटा ऐकून प्रार्थना म्हणायची राहिली असं काही मनात आलं का? त्याने होकार दिला, आणि त्या उत्तराबरोबर रेघ पुन्हा वर गेली. मग त्याला आठाने बाराला गुणायला सांगितलं. काही सेकंदांत मेंदूची रेघ चढली. हात तसाच शांत. भल्या मोठ्या प्रयोगशाळा, गणिती तर्क, काही नाही. एक शेतकरी, एक घंटा आणि एक तोंडी गुणाकार. पण त्या कागदावर विचाराची पहिली-वहिली सावली पडली होती.

रात्री बेर्तिनो झोपल्यावरही यंत्र चालू असायचं. खोलीत आवाज झाला, कुणी हळूच त्याचं नाव घेतलं, की तो जागा व्हायचा नाही, सकाळी त्याला काही आठवायचंही नाही. पण रेघ मात्र हलायची. झोपलेला माणूस पूर्ण झोपलेला नसतो, आतलं कुणीतरी पहाऱ्यावर असतं, असं त्यावरून मोसो यांनी मांडलं.

असे आणखी रुग्ण त्यांनी तपासले. त्यात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. अगदी लहानपणी उंचावरून पडून त्याची कवटी फुटली होती, पुढे फेफरं आणि मग बुद्धी गेलेली. वेड्यांच्या इस्पितळात असायचा. एकच गोष्ट तो परत परत म्हणायचा, त्याला शाळेत जायचं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढं उरलं होतं. मोसो यांनी ही गोष्ट आपल्या लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात नोंदवली आहे, आणि ती वाचताना शास्त्रज्ञाचा हात थोडा थांबलेला जाणवतो. हे ज्ञान ज्यांच्या जखमांतून आलं ती सगळी गरीब माणसं होती, ज्यांना वेळ होता, नाही म्हणायची सवय नव्हती. आजच्या नियमांनी पाहिलं तर यातले काही प्रयोग मंजूरच झाले नसते. पण मोसो यांनी त्या माणसांना नुसतं क्रमांकांत बसवलं नाही, त्यांची नावं आणि हकिकती लिहिल्या. म्हणून तर आज बेर्तिनो कुणाला तरी माहीत आहे.

१८७९ साली मोसो तुरीनमध्ये शरीरशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले आणि १८८० साली माणसाच्या मेंदूतल्या रक्ताभिसरणावरचा त्यांचा मोठा निबंध रोमच्या लिंचेई अकादमीत आला. वर्षभरात तो जर्मनमध्येही निघाला.

पण कवटी फुटलेली माणसं किती मिळणार? आणि फुटलेल्या कवटीत दिसलं ते धडधाकट माणसात होतं कशावरून? या अडचणीतून तो तराजू जन्माला आला. त्याबद्दल मोसो यांनी १८८२ साली पहिल्यांदा सांगितलं. लाकडी टेबलावर तोललेली फळी, तिच्यावर माणूस, खाली जड वजन लोंबतं ठेवलेलं, म्हणजे श्वासागणिक फळी हेलकावे खाऊ नये. तरी श्वासाची लहर यायचीच. माणूस आडवा झाल्यावर रक्त पायांकडून सरकून जागच्या जागी बसायला बराच वेळ द्यावा लागे. हातापायांवर रक्त मोजायची यंत्रं लावलेली. मग कुठं वाचायला द्यायचं, हिशेब घालायचा, नाहीतर मोठा आवाज करायचा.

डोक्याकडची बाजू झुकली, असं त्यांनी नोंदवलं. त्यांच्या मुलीने पुढे वडिलांच्या चरित्रात सांगितलेली गंमत अशी, की वर्तमानपत्र वाचताना फळी थोडीच झुकायची आणि तत्त्वज्ञानाचं पान हातात दिलं की जास्त. वर्तमानपत्रवाल्यांनी हे मनाला लावून घ्यायचं कारण नाही. उलट त्या काळच्या एका फ्रेंच वर्तमानपत्राने तर या यंत्रामुळे मेंदूचं सगळं गूढ आता उकलणार, असंच छापून टाकलं होतं. बातमीदारीची ती सवय आजची नाही.

तराजू खरा होता का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली, मग तो हळूहळू विसरला गेला. २०१४ साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी तशीच फळी आजच्या अचूक वजनकाट्यासह पुन्हा बांधली, आणि डोळ्याकानांना काम दिलं की डोक्याकडचा भार किंचित बदलतो, असं त्यांना आढळलं. पण तो बदल इतका बारीक, की एकदा पाहून काही ठरवता येत नाही; पुष्कळदा मोजून सरासरी काढावी लागते. मोसो यांच्याकडे सरासरी काढणारं यंत्र नव्हतं. त्यांना दिसलेल्या झुकण्यात मेंदूचा वाटा किती आणि श्वासाचा, हातापायांच्या चुळबुळीचा किती, हे आज सांगणं कठीण आहे.

आणि एक गोष्ट तराजूला कधीच कळली नसती. रक्त जास्त आलं, ठीक. पण त्या रक्तातला प्राणवायू मेंदूने वापरला की तसाच परत गेला? वजनाने ते समजत नाही. ते समजतं रंगाने. हे रंगाचं शास्त्र मोसो यांच्या तरुणपणीच उघडं झालं होतं. रक्तातल्या लाल द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ होप्पे-झायलर यांनी १८६४ साली दिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी दाखवलं की त्यातला प्राणवायू काढून घेतला की त्याचा रंग आणि प्रकाश शोषण्याची तऱ्हा बदलते. जखमेतून उसळणारं रक्त लालभडक आणि शिरेतून काढलेलं काळपट दिसतं, ते यामुळेच. दोन्ही धागे एकाच काळात, एकाच खंडात होते. जुळले मात्र नाहीत. ते जुळायला पुढे काही दशकं जावी लागली.

मोसो तोवर दुसऱ्याच प्रश्नाकडे वळले होते. माणूस थकतो म्हणजे काय होतं?

त्यासाठी केलेलं यंत्रही तसंच साधं. पुढचा हात पट्ट्यांनी बांधायचा, फक्त मधलं बोट मोकळं. बोटाला दोरी, दोरी कप्पीवरून, टोकाला तीन किलोच्या आसपासचं वजन. ठरावीक तालावर बोट वाकवून वजन उचलत राहायचं, ते पार उचलेनासं होईपर्यंत. प्रत्येक उचल कागदावर. प्रत्येक माणसाच्या थकण्याची रेघ वेगळी, जणू सहीच. त्यांचा एक सहकारी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आला आणि यंत्रावर बसला, तर बोट नेहमीपेक्षा फार लवकर गळलं. काम डोक्याने केलं होतं, थकलं होतं बोट. परीक्षक दमतो हे विद्यार्थ्यांना कधी पटत नाही, पण पुरावा आहे. थकलेल्या कुत्र्याचं रक्त ताज्यातवान्या कुत्र्याला दिलं की तोही मरगळतो, असंही त्यांनी दाखवलं.

हे सगळं १८९१ च्या त्यांच्या थकव्यावरच्या पुस्तकात आलं. भीतीवरचं पुस्तक त्याआधी, १८८४ सालीच, गाजलेलं होतं आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांत गेलं होतं. थकव्याच्या पुस्तकाची शेवटची प्रकरणं प्रयोगशाळेबाहेर पडतात. सिसिलीतल्या गंधकाच्या खाणींत लहान पोरं पाठीवर ओझी घेऊन चढउतार करायची; त्यांची वाकलेली शरीरं मोसो यांनी डॉक्टर म्हणून पाहिली होती. यंत्र दमत नाही, त्याच्या जोडीने राबणारा माणूस दमतो, आणि थकल्यावरही ओढून घेतलेलं काम शरीराचं सगळ्यात जास्त नुकसान करतं, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. सुताराच्या मुलाने हे लिहावं यात नवल नाही. मात्र थकवा मोजता यायला लागल्यावर ती मोजपट्टी दोघांच्याही हातात गेली. कामाचे तास कमी करा म्हणणाऱ्यांच्या, आणि दमण्याच्या आधी किती काम काढता येईल याचा हिशेब करणाऱ्यांच्याही.

मग डोंगर. मोसो यांना आल्प्सचं वेड होतं. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर मॉन्ते रोझा आहे. तिथं ४,५५९ मीटरवर लाकडी झोपडीवजा घर बांधलं गेलं. १८९३ साली राणी मार्गेरिता स्वतः वर गेली आणि घराला तिचंच नाव मिळालं. पुढच्याच वर्षी मोसो सैनिकांची तुकडी आणि यंत्रांची खोकी घेऊन वर पोचले. विरळ हवेत माणसाचं काय होतं ते मोजत राहिले. उंचावर झोपलेल्या माणसाचा श्वास मधूनच थांबतो आणि मग जोराने सुरू होतो, याच्या सुंदर नोंदी त्यांनी घेतल्या.

इथं मात्र त्यांचा निष्कर्ष हुकला. उंचावर डोकं दुखतं, मळमळतं, झोप उडते ती प्राणवायू कमी पडल्याने, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ सालीच मांडलं होतं. मोसो यांना ते पटेना. त्यांच्या मते खरा दोष रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड घटल्याचा. जोरजोरात श्वास घेतल्याने तो घटतो, हे त्यांचं म्हणणं खरं; पण आजाराचं मूळ ते नव्हतं. पुढच्या पिढीने बेर यांच्याच बाजूने कौल दिला. ज्या माणसाने मेंदूतलं रक्त पहिल्यांदा मोजलं, त्यालाच त्या रक्तातला प्राणवायू हुकावा, हा योग विचित्र खरा. पण प्राणवायू डोळ्यांपुढे दाखवणारं साधन त्या झोपडीत नव्हतं, आणि मोसो रेघेशिवाय कशावर विश्वास ठेवत नसत. आज तिथं चढणारा कुणीही बोटाला छोटा चिमटा लावून आकडा वाचतो.

१९०४ साली ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. शाळांतून मुलामुलींना मैदान मिळावं, कवायतीपेक्षा खेळ असावेत, यासाठी ते बरीच वर्षं भांडत होते. १९०७ साली मॉन्ते रोझाच्या कुशीत कोल दोलेन इथं त्यांच्या धडपडीतून शास्त्रज्ञांसाठी कायमची प्रयोगशाळा उभी राहिली; ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण तोवर प्रकृती साथ देईनाशी झाली होती. प्रयोगशाळेतलं उभ्याचं काम जमेना, तेव्हा हा माणूस घरी बसला नाही. भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर जाऊन फाइस्टोसच्या उत्खननात रमला, आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. २४ नोव्हेंबर १९१० रोजी तुरीनमध्ये त्यांचं निधन झालं.

मेंदूचं रक्त मात्र थांबलं नाही. मोसो हयात असतानाच, १८९० साली, केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी जनावरांवर प्रयोग करून मांडलं की मेंदूचा जो भाग काम करतो तो स्वतःच आपल्याकडे रक्त ओढून घेतो. रंगाचा धागा पुन्हा लाइपझिगमध्येच उचलला गेला, हाही योगायोगच. १९३५ साली तिथल्या कार्ल मॅथेस यांनी कानाच्या पाळीतून दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश आरपार घालून रक्तातला प्राणवायू मोजला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाला लावायचं हलकं यंत्र केलं आणि त्याला ऑक्सिमीटर हे नाव दिलं. कोविडच्या दिवसांत घराघरांत पोचलेला बोटाचा चिमटा याच घराण्यातला.

पण बोट किंवा कान निराळे आणि हाडाच्या आतला मेंदू निराळा. हाडातून प्रकाश जाईल कसा? १९७७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की जातो. खाऊन झालेल्या मांसातलं चपटं हाड दिव्यासमोर धरल्यावर त्यातून तांबूस उजेड पलीकडे आल्याचं त्यांनी पाहिलं होतं. अंधारात मुठीत टॉर्च धरून बोटं लाल झालेली लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेली असतात. लाल रंगाच्या थोडं पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तर त्याहून जास्त खोल जातो, कारण त्या पट्ट्यात पाणीही तो फारसा शोषत नाही आणि रक्तही. थोडाफार जो शोषला जातो त्यात प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन यांची तऱ्हा वेगळी. दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी सोडल्या, परत किती आला ते मोजलं, की दोन्हींचा हिशेब मांडता येतो.

कपाळावर एका जागी प्रकाश सोडायचा आणि साधारण तीन सेंटिमीटरवर तो पकडायचा. मधे तो केळ्यासारख्या बाकदार वाटेने कातडी, हाड ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जाऊन येतो. त्याहून खोलचं त्याला दिसत नाही. दुसरीकडे, १९८६ साली अमिराम ग्रिनव्हाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या मेंदूच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकून, कुठला भाग कामाला लागला ते परतणाऱ्या प्रकाशातल्या फरकावरून टिपलं. तिथं चित्र फार बारीक येतं, पण त्याला कवटी उघडावी लागते. बेर्तिनोची खिडकी ती हीच.

या प्रकाशाने मोसो यांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर दिलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांत तिथं रक्त वाढतं, आणि ते गरजेपेक्षा जास्तच येतं. घरी चार पाहुणे आणि स्वयंपाक दहा जणांचा, असा प्रकार. म्हणून काम चालू असताना त्या जागी प्राणवायूवालं रक्त कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. मेंदू एवढी उधळपट्टी का करतो, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत.

आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि दिवसांआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत ही पट्टी कपाळावर असते. बाळाचं हाड पातळ, त्यामुळे प्रकाश सहज आत पोचतो. मोठ्यांच्या डोक्यावर दाट काळे केस आले की प्रकाश अडतो. कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. बोटाचे चिमटे गडद कातडीच्या रुग्णांत प्राणवायूची घट हुकवतात, हे अमेरिकेतल्या २०२० च्या एका पाहणीत ठळकपणे पुढे आलं, आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीलाही ते लागू पडू शकतं.

सगळ्यात चिवट अडचण मात्र जुनीच आहे. प्रकाश मेंदूपर्यंत जातो तो टाळूच्या कातडीतून. माणूस घाबरला, लाजला, जोर लावला की कातडीतलं रक्तही बदलतं, आणि यंत्राला वाटतं मेंदूच कामाला लागला. म्हणून आताचे संशोधक प्रकाश पकडणारं दुसरं टोक अगदी जवळ, सेंटिमीटरभराच्या आतच बसवतात. त्याला फक्त कातडीच दिसते. तिची रेघ मेंदूच्या रेघेतून वजा करायची. बेर्तिनोच्या कपाळावर एक यंत्र लावताना दुसरं त्याच्या हाताला लावलं होतं, ते याचसाठी.